खाऱ्या पाण्यातलं स्टेनलेस : झीज थांबवायची, पण स्टेनलेसपण राखून

पंप खोलला, स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेली स्टेनलेसची नळी) बाहेर काढला आणि ग्लँड दोरीच्या (पाणी गळू नये म्हणून शाफ्टभोवती घट्ट बसवलेल्या दोरीच्या) जागेवरून बोट फिरवलं की नख अडकतं. एकाशेजारी एक तीन-चार खाचा, दोरीच्या वळ्यांएवढ्याच अंतरावर. मिरकरवाड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बर्फाच्या कारखान्यात, मासळी प्रक्रिया युनिटमध्ये किंवा आंब्याच्या पल्पच्या प्लांटवर मेंटेनन्सला नवा लागलेला मुलगा हे बघतो आणि विचारतो, ‘एसएस आहे ना हे? मग झिजलं कसं?’

झिजलं, कारण ते मऊ आहे. एसएसच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, ३०४ किंवा ३१६ ग्रेडचा साधा बार साधारण १५० ते २०० एचव्ही (विकर्स, कडकपणाचं माप) कडक असतो. खाडीच्या पाण्याबरोबर येणारा वाळूचा कण म्हणजे गारगोटीच, त्याचा कडकपणा हजार-अकराशे एचव्ही. दोरीत असे चार कण रुतून बसले की दोरीचा पॉलिशपेपर होतो.

दुसरी गोष्ट पटकन दिसत नाही. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं आणि त्याच्यामुळे पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. गंजापासून राखण करतो तो हा पापुद्रा. घासलं की तो निघतो, पुन्हा धरतो, पुन्हा निघतो, आणि दर वेळी थोडा धातू घेऊन जातो. गोड्या पाण्यात हे निभावतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं, ते पापुद्रा नीट धरू देत नाही. म्हणजे किनाऱ्यावर घासणं आणि गंजणं हातात हात घालून चालतात. घाटावर उत्तम चाललेली ट्रीटमेंट इथे एका पावसाळ्यात तांबूस पडते ती यामुळे. कडकपणा मिळवताना क्रोमियम अडकून पडलं, तर पार्ट कडक होतो आणि गंजतो.

पायरी १ : धातू कशाने गेला ते आधी बघा

झिजलेला पार्ट धुऊन, वाळवून, दहापट भिंगाखाली धरा. मोबाइलचा कॅमेराही चालतो. सरळ, समांतर ओरखडे म्हणजे वाळूने खरवडलंय. धातू फाटून, फरपटून एका बाजूला गोळा झालेला दिसला तर ते गॉलिंग, म्हणजे एसएस एसएसवर घासून चिकटलंय. पाइपच्या वळणावर किंवा इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या पंख्याच्या) तोंडाशी गुळगुळीत खोलगट झीज असेल तर वाळूचं पाणी वेगाने आदळतंय. इंपेलरच्या पात्याच्या मागच्या बाजूला स्पंजासारखी भोकं पडली असतील तर ते कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात बुडबुडे होऊन फुटताना धातू उडतोय. तिथे कोटिंगचे पैसे घालण्याआधी सक्शनचा स्ट्रेनर आणि फूट व्हॉल्व्ह साफ करा.

सगळ्यात फसवी पाचवी खूण : दोरीखाली, बुशखाली, ओ-रिंगखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं, कडेला तपकिरी डाग, आणि आत खोदलं तर बाहेरून दिसतो त्याच्या चौपट खड्डा. हे घासून झालेलं नाही. फटीत अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, पापुद्रा धरत नाही आणि फटीतला धातू आतून पोखरला जातो. ट्रॉलरच्या शाफ्टला हे हमखास होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट किनाऱ्यावर ओढून शाफ्ट काढून ठेवला तर प्रश्न नसतो, पण खाडीत नांगरून ठेवलेल्या बोटीच्या स्टर्न ट्यूबमध्ये (शाफ्ट बोटीबाहेर नेणाऱ्या नळीत) तेच पाणी दोन महिने निजून राहतं आणि ३१६ चा शाफ्ट बुशच्या जागी पोखरतो. त्यात ग्रॅफाइटची दोरी असेल तर बघायलाच नको. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट आणि एसएस एकमेकांना टेकले की बॅटरी तयार होते आणि तिच्यात खर्ची पडतं एसएस. अशा शाफ्टवर कोटिंग करणं म्हणजे कुजलेल्या वाशाला रंग देणं. तिथे दोरी बदला (पीटीएफई म्हणजे टेफ्लॉनची, किंवा मेणाची तागाची), ग्रेड बदला, किंवा अधूनमधून शाफ्ट हाताने फिरवून पाणी हलतं ठेवा.

पायरी २ : हातात नेमकं कुठलं एसएस आहे?

लोहचुंबक लावून समाधान मानू नका. ३०४ ला चुंबक चिकटत नाही आणि २०२ लाही चिकटत नाही. उलट चांगलं ३०४ लेथवर किंवा वाकवताना ताणलं गेलं असेल तर किंचित ओढ दाखवतं. ३०४ आणि ३१६ यातला फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये तो २ ते ३ टक्के. थेंब टाकून आणि बॅटरी लावून बघायचं मॉलीचं किट मिळतं, ते एक घेऊन ठेवा. मोठी ऑर्डर असेल तर पीएमआय गनने (धातूची ग्रेड ओळखणाऱ्या हातातल्या यंत्राने) तपासून घ्या आणि बारचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

ग्रेड कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ३०४ आणि ३१६ तापवून-विझवून कडक होतच नाहीत. ४२० पाणी देऊन (तापवून-विझवून) ५० एचआरसीपर्यंत (रॉकवेल, कडकपणाचं दुसरं माप) जातं, ४४०सी ५८-६० पर्यंत, पण दोन्ही खाऱ्या पाण्यात टिकत नाहीत. सुरीला, पात्याला ठीक, पंपाला नाही. १७-४ पीएच ४८२ अंशांवर तासभर एजिंग केलं (तापवून ठेवलं) की ४० एचआरसीच्या पुढे जातं, पण समुद्राच्या साचलेल्या पाण्यात तेही फटींमध्ये पोखरतं. ३०३ मात्र लांबच ठेवा. टर्नरला ते आवडतं कारण चिप सुटी पडते, पण त्यातलं गंधक गंजाला आणि कोटिंगला दोन्हीला नडतं.

वेल्डिंग केलेला पार्ट असेल तर तेही नोंदवा. ४५० ते ८५० अंशांच्या टप्प्यात जास्त वेळ राहिलेल्या ३०४ मध्ये कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि वेल्डच्या दोन्ही बाजूंना गंजाची पट्टी उठते. वेल्डिंग करायचंच असेल तर ३१६एल घ्या, त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असतो.

पायरी ३ : कुठल्या झिजेला काय

नायट्रायडिंगवर (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं) जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त जॉब याच नावाखाली वाया जातात. नेहमीचं गॅस नायट्रायडिंग ५०० ते ५७० अंशांवर होतं, सॉल्ट बाथ ५७०-५८० वर. एसएसवर दोन्हींनी हजार एचव्हीच्या पुढे कडकपणा मिळतो आणि कागदावर सगळं छान दिसतं. पण त्या तापमानाला नायट्रोजन क्रोमियमला पकडून क्रोमियम नायट्राइड करतो. पापुद्रा धरायला क्रोमियम शिल्लक राहत नाही आणि पार्ट एमएससारखा (साध्या लोखंडासारखा) गंजतो. एसएससाठी मागायचं ते लो-टेंपरेचर प्लाझ्मा नायट्रायडिंग : ४०० ते ४२० अंश, सुमारे २० तास, काहीही झालं तरी ४५० च्या खाली. एवढ्या कमी तापमानाला क्रोमियम जागचं हलत नाही, नायट्रोजन मात्र आत शिरून जाळी ताणतो. १० ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर मिळतो, हजार-बाराशे एचव्हीचा, आणि स्टेनलेसपण शाबूत राहतं. याच धर्तीवर कमी तापमानाचं कार्ब्युरायझिंगही होतं, त्याचा थर थोडा जाड आणि कमी ठिसूळ असतो. गॉलिंगवर दोन्ही नामी उपाय आहेत : पल्प पंपाचे रोटर, व्हॉल्व्हचे स्पिंडल, फिलिंग मशीनचे पिस्टन. वाळूच्या पाण्याला मात्र १५ मायक्रॉन म्हणजे काहीच नाही.

ऑर्डरवर नुसतं ‘नायट्रायडिंग’ लिहिलंत तर जॉब इतरांच्या एमएस-ईएन (साध्या आणि मिश्र स्टीलच्या) गिअरबरोबर ५२० अंशांच्या बॅचमध्ये जाईल. दोष भट्टीवाल्याचा नाही, लिहिणाऱ्याचा.

वाळू असेल तर एचव्हीओएफ, म्हणजे वेगवान ज्वालेने फवारलेलं कोटिंग. यात टंगस्टन कार्बाइडची पावडर प्रचंड वेगाने जॉबवर आदळवतात. थर ०.१ ते ०.३ मिमी, कडकपणा १००० ते १३०० एचव्ही, सच्छिद्रता एक टक्क्याच्या आत. जॉब दीडशे अंशांच्या फार वर तापत नाही, त्यामुळे वाकत नाही. पावडरचं नाव मात्र अचूक सांगा : टंगस्टन कार्बाइड-१० कोबाल्ट-४ क्रोम. १२ कोबाल्टवाली पावडर स्वस्त पडते, पण तिचा कोबाल्ट खाऱ्या पाण्यात विरघळतो आणि कार्बाइडचे दाणे हिरडीतून दात पडावेत तसे गळतात. त्या ४ टक्के क्रोमसाठीच तर सगळा खटाटोप. आणि एक मर्यादा : फवारा सरळ रेषेत जातो. लांब, अरुंद भोकाच्या आत एचव्हीओएफ होत नाही.

प्लाझ्मा स्प्रेचा क्रोमियम ऑक्साइड हा त्याचा स्वस्त भाऊ. कडक तेवढाच, दोरीखाली सुंदर चालतो, पण सिरॅमिक असल्यामुळे हातोड्याचा एक टोला बसला की कपची उडते. त्यात बारीक छिद्रं असतात, म्हणून खाली निकेल-क्रोमचा ५० ते १०० मायक्रॉनचा बाँड कोट (पकड देणारा खालचा थर) आणि वरून सीलर (छिद्रं बुजवणारा लेप) हवाच. सीलर नसेल तर खारं पाणी कोटिंगमधून झिरपून खालचं एसएस खातं, आणि एक दिवस सगळी कवची अखंड हातात येते.

हार्ड क्रोम सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे तेच करून घेतात. ८०० ते १००० एचव्ही, घासणं कमी, हायड्रॉलिकच्या रॉडला उत्तम. पण क्रोमच्या थरात केसासारख्या भेगा जन्मजातच असतात आणि क्लोराइड क्रोमलाही खातं. विंचच्या सिलिंडरचा रॉड डेकवर खारा वारा खात उभा राहणार असेल तर खाली २५ ते ५० मायक्रॉन निकेल आणि वर क्रोम, असं दुहेरी मागा. कडक केलेल्या ४२० किंवा १७-४ पीएचवर क्रोम केलं असेल तर प्लेटिंगनंतर काही तासांतच १९० ते २२० अंशांवर किमान ३ तास भाजून घ्यावं लागतं. नाहीतर टाकीत धातूत शिरलेला हायड्रोजन रॉडला काचेसारखा ठिसूळ करतो. ३०४-३१६ ला ही भीती नसल्यातच जमा आहे. क्रोमच्या टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं आणि ते कॅन्सरकारक आहे. घरच्या शेडमध्ये बादलीत प्लेटिंग करण्याचे व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नका.

इलेक्ट्रोलेस निकेलचा गुण एकच, पण मोठा : भोकात, आट्यांत, कोपऱ्यात सगळीकडे सारखा थर बसतो. १० टक्क्यांहून जास्त फॉस्फरसवालं घेतलं तर २५ ते ५० मायक्रॉन थर खाऱ्या हवेत चांगला टिकतो. कडकपणा जेमतेम ५०० एचव्ही. ४०० अंशांवर तासभर भाजलं तर ९०० च्या आसपास जातो, पण थरात बारीक भेगा पडून गंजरोधकपणा घसरतो. किनाऱ्यावर न भाजलेलंच घ्या. एसएसच्या पापुद्र्यावर निकेल थेट धरत नाही, म्हणून आधी वुड्स निकेल स्ट्राइक (निकेलचा पातळ पहिला थर) लागतो. प्लेटरला हे शब्द अनोळखी वाटले तर दुसरा प्लेटर शोधा.

व्हॉल्व्हच्या सीटला, जाड झिजेला, आदळआपट असलेल्या जागी स्टेलाइट ६ (कोबाल्टचा मिश्रधातू) चं टीआयजी वेल्डिंगने हार्डफेसिंग, म्हणजे कडक धातूचा थर चढवणं : ४० एचआरसीच्या आसपास, दोन थर मिळून २ ते ३ मिमी. पहिल्या थरात खालचा एसएस मिसळतो, म्हणून दुसरा थर हवा.   लांब शाफ्टवर हे करू नका, केळ्यासारखा वाकेल.

पीव्हीडीचं (निर्वातात वाफेतून बसवलेलं) सोनेरी टायटॅनियम नायट्राइड २००० एचव्हीच्या पुढे असतं, पण जाडी २ ते ४ मायक्रॉन. मऊ ३१६ वर ते म्हणजे मऊभातावर ठेवलेला पापड : वरून दाब आला की खालचा भात दबतो आणि पापड मोडतो. आधी लो-टेंपरेचर नायट्रायडिंग आणि वर पीव्हीडी, असं असेल तरच अर्थ आहे.

काही वेळा यातलं काहीच लागत नाही. ३०४-३१६ दाबलं की कडक होतं. लेथवर रोलर बर्निशिंग केलं तर वरची कातडी ३५०-४०० एचव्हीपर्यंत जाते आणि फिनिशही सुधारतो. हलक्या कामाच्या शाफ्टला तेवढं पुरतं, आणि ते गावातल्या लेथवरच होतं.

पायरी ४ : एक स्लीव्ह हातात घेऊन

समुद्राचं पाणी खेचणारा पंप, १४५० आरपीएम. ३१६ चा स्लीव्ह : बाहेरून ४० मिमी, आतून २८ मिमी, लांबी ८० मिमी. दोरीखाली दोरी आणि स्लीव्ह एकमेकांवर सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने घासतात. खाच एका बाजूला ०.६ मिमी खोल.

पहिला निर्णय : जुन्या स्लीव्हवर कोटिंग करायचं नाही. एचव्हीओएफचा थर फार जाड केला तर आतल्या ताणाने तडकतो, आणि इथे खाचच ०.६ आहे. ३१६ च्या बारमधून नवा स्लीव्ह काढा. बारचा खर्च कोटिंगपुढे किरकोळ आहे.

आधी भोक पूर्ण फिनिश करा, फिटच्या मापाला. मग स्लीव्ह मँड्रेलवर (भोकात बसणाऱ्या दांड्यावर) चढवून बाहेरची बाजू काढा, म्हणजे आत-बाहेर एककेंद्री राहतं. दोन्ही टोकांना १० मिमी जागा ४० मिमीची सोडा, मधली ६० मिमी ३९.५० ला खाली घ्या. खाली उतरताना काटकोनी पायरी नको, ३० ते ४५ अंशांचा उतार द्या आणि तळाशी किमान ०.५ मिमी रेडियस. काटकोनाच्या कोपऱ्यात फवारा नीट बसत नाही, पोकळी राहते आणि कोटिंग सोलायला सुरुवात तिथूनच होते. भिंत इथे ५.७५ मिमी उरते, ठीक आहे. ३ मिमीच्या आत गेली तर फवाऱ्याच्या उष्णतेने आणि ताणाने स्लीव्ह लंबगोल होतो.

कोटिंगपूर्वी स्लीव्ह पॅसिव्हेट करून (ॲसिडमध्ये बुडवून साफ करून) घ्या, निदान आतला भाग आणि टोकं तरी. पॅसिव्हेशनने कडकपणा रतीभरही वाढत नाही. हत्यारातून, ग्राइंडिंग व्हीलमधून चिकटलेले लोखंडाचे कण मात्र निघून जातात. सायट्रिक ॲसिड सगळ्यात सोपं : १० लिटर गोड्या पाण्यात ८०० ग्रॅम, खोलीच्या तापमानाला किमान २० मिनिटं, आधी तेल-ग्रीस पूर्ण काढून. नंतर भरपूर गोड्या पाण्याने धुवा. विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल तर ते चालणार नाही. वापरलेलं ॲसिड चुन्याने मारून मगच टाका, तसंच व्हाळात सोडू नका. कोटिंग झाल्यावर जॉब ॲसिडमध्ये कधीच घालायचा नाही, नायट्रिकमध्ये तर नाहीच. कोबाल्ट आणि निकेल दोन्ही खाल्लं जातं.

फवाऱ्याआधी ब्लास्टिंग ॲल्युमिना ग्रिटने, २४ ते ३६ मेश. स्टील ग्रिट वापरलं तर लोखंडाचे कण एसएसमध्ये रुतून बसतात आणि कोटिंगच्या कडेने महिन्याभरात लाल ओघळ येतात. ब्लास्ट केलेल्या जागेला हात लावायचा नाही आणि ती तास-दोन तासांत फवारायची. पावसाळी दमट हवेत रात्रभर ठेवलेल्या जॉबवरचं कोटिंग नखाने निघालं तर नवल नाही.

फवारा ४०.२० पर्यंत, म्हणजे एका बाजूला ०.३५. जॉब कोमट असतानाच सीलर. मग डायमंड व्हीलने, भरपूर कूलंटमध्ये ४०.०० ला ग्राइंडिंग, हाती उरतो एका बाजूला ०.२५ चा थर. साध्या पांढऱ्या व्हीलने प्रयत्न केला तर व्हील झिजतं, जॉब तापतो आणि कोटिंगवर चौकटी-चौकटीच्या भेगा उमटतात. फिनिश आरए (खडबडीतपणाचं माप) ०.२ ते ०.४ मायक्रॉन, रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०२ मिमीच्या आत. ‘कडक आहे ना, मग ग्राइंडिंग कशाला’ असं म्हणून फवारलेला स्लीव्ह तसाच बसवला, तर ती गोल कानस होते आणि दोरीचा दोन दिवसांत भुगा पाडते.

पायरी ५ : कागद आणि पॅकिंग

रत्नागिरी, लोटे, कुडाळच्या एमआयडीसीत टर्निंग, मिलिंग, टीआयजी होतं. एचव्हीओएफ आणि प्लाझ्मा नायट्रायडिंगसाठी बहुधा घाट चढून कोल्हापूर-पुण्याकडे किंवा मुंबईकडे जॉब पाठवावा लागतो. चुकीचा परत आला तर हंगामाचा आठवडा बुडाला. म्हणून फोनवर सांगून भागवू नका, स्केच काढून पाठवा. त्यावर ग्रेड, कोटिंगची जागा आणि सोडायची जागा, पावडरचं पूर्ण नाव, अंतिम माप आणि थराची जाडी, फिनिश, सीलर हवा की नको, आणि ‘समुद्राच्या पाण्यात चालणार’ हे शब्द. नायट्रायडिंग असेल तर ‘४२० अंशांच्या वर नेऊ नये’ हे ठळक लिहा आणि अंतिम मापालाच जॉब द्या, कारण १५ मायक्रॉनच्या थरावर नंतर ग्राइंडिंग म्हणजे थरच उडाला.

जॉबबरोबर त्याच बारचा एक इंचाचा तुकडा द्या आणि त्यालाही तीच ट्रीटमेंट करून मागा. पुढची तपासणी त्याच्यावर.

पायरी ६ : परत आल्यावर

थराची जाडी मोजायला पेंटवाल्याचं चुंबकी गेज आणू नका. ३१६ ला चुंबक धरत नसल्याने ते इथे भलताच आकडा दाखवतं. कोटिंगआधी मायक्रोमीटरने तीन जागी माप घेऊन लिहून ठेवलं असेल तरच थर कळेल, त्यामुळे पाठवण्याआधीची ती पाच मिनिटं वाचवू नका.

सोबतच्या तुकड्यावर नवी कानस फिरवा : थर असेल तर काचेवरून घसरल्यासारखी घसरते, ३१६ असेल तर चावते. नंतर तुकडा ग्लासभर समुद्राच्या पाण्यात अर्धा बुडवून आठवडाभर ठेवा. पाण्याच्या रेषेशी तपकिरी गंज उठला तर नायट्रायडिंग गरम झालेलं आहे. ज्यांच्याकडे लॅबची सोय आहे त्यांनी तुकडा कापून, पॉलिश करून, एच करून (ॲसिडने हलकं खाऊ देऊन) बघावा. बरोबर झालेला थर पांढरा राहतो, काळपट दिसला तर क्रोमियम नायट्राइड पडलंय. असा जॉब परत पाठवून उपयोग नाही, तो दुरुस्त होत नाही, नवा करावा लागतो.

नट-बोल्टचं वेगळं

एसएसचा नट एसएसच्या बोल्टवर अर्ध्यात जाम होऊन तुटतो, हा गॉलिंगचाच प्रकार आणि त्याला कोटिंगची गरज क्वचितच पडते. आटे साफ करा, इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा, हळू फिरवा. निकेलवाली अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा, ग्रॅफाइटवाली नको (कारण वर आलंच आहे), आणि पल्पच्या लाइनवर फूड ग्रेडची पांढरी पेस्ट. बोल्ट ३०४ चा आणि नट ३१६ चा घेतला तर थोडा फरक पडतो. कापलेल्या आट्यांपेक्षा रोल केलेले आटे बरे.

पायरी ७ : बसवताना आणि नंतर

कोटिंगचा स्लीव्ह ठोकून बसवायचा नाही. शाफ्टला हलकं ग्रीस, नवी ओ-रिंग, हाताने किंवा स्क्रूने ढकलून. दोरीच्या रिंगा ४५ अंशांत कापा आणि सांधे एकाखाली एक न येता ९० अंशांनी फिरवून ठेवा. लँटर्न रिंगमध्ये (दोरीच्या वळ्यांमध्ये बसणाऱ्या भोकांच्या रिंगमध्ये) गोडं पाणी देण्याची सोय असेल तर ते ग्लँडमधल्या दाबापेक्षा अर्धा ते एक बार जास्त दाबाने सोडा. वाळू दोरीत शिरतच नाही आणि कोटिंगचं आयुष्य नुसत्या या एका नळीने वाढतं. ही नळी नसलेल्या पंपावर महागडं कोटिंग करण्याआधी ही नळी जोडून बघा, असंच आम्ही सुचवू.

ग्लँड आवळून गळती पूर्ण बंद करू नका. मिनिटाला ४० ते ६० थेंब पडू द्या. कोरड्या दोरीखाली क्रोमियम ऑक्साइड तापतो, त्यावर अचानक गार पाणी आलं की तडकतो, आणि मग ‘कोटिंग खराब होतं’ असा बोभाटा होतो.

पहिल्या महिन्याने दोरीची एक रिंग काढून बघा. तिच्यात लालसर चूर दिसला तर स्लीव्हपेक्षा आधी पाण्याकडे बघा, पावसात जांभ्याची माती सक्शनमध्ये येत असेल. काळा चूर आणि दोरी कडक झालेली असेल तर ग्लँड जास्त आवळलाय. आणि जुनी दोरी काढताना लोखंडी आकडा स्लीव्हवर टेकवून ओढू नका. पितळेचं टोक असलेला आकडा ठेवा, आणि तोही दोरीत रुतवून, शाफ्टपासून लांब धरून.